शितावरून भाताची परीक्षा: जुन्या अनुभवावरून मन नव्याचा अंदाज कसा बांधतं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

अंधारात जिना उतरताना पायऱ्या संपल्या तरी आणखी एक आहे असं धरून आपण पाऊल टाकतो. टाच दाणकन जमिनीवर आपटते, दातावर दात आदळतात. पायऱ्या कुणी मोजत नव्हतं, तरी पुढची पायरी कुठे असणार हे पायाला 'माहीत' होतं. एरवी हा अंदाज इतका बिनचूक असतो की त्याची दखलही घेतली जात नाही. चुकला की मात्र कळतं, आत मघापासून हिशेब चालू होता. खालचे प्रश्न त्या हिशेबाबद्दल आहेत.

सामान्यीकरण म्हणजे नेमकं काय?

एका प्रसंगात शिकलेलं आधी कधीही न आलेल्या प्रसंगाला लावणं. अनोळखी इमारतीतलं अनोळखी दार तुम्ही उघडता, कारण याआधी हजार दारं उघडलेली असतात. हे वाक्य तुम्ही पहिल्यांदाच वाचताय, तरी अडत नाही.

खरं तर कोणताही प्रसंग जसाच्या तसा परत येत नाही. उजेड बदलतो, कोन बदलतो, माणसं थकलेली असतात. म्हणून 'पूर्वीसारखंच आहे' असं मन म्हणतं तेव्हा त्याने काही फरकांकडे काणाडोळा केलेला असतो आणि काही फरक लक्षात ठेवलेले असतात. कोणता फरक सोडायचा आणि कोणता धरायचा, एवढाच या विषयातला अवघड प्रश्न आहे. बाकीचे सगळे त्यातून फुटलेले फाटे.

म्हणजे चांगली स्मरणशक्तीच ना?

नाही. उलट अचाट स्मरणशक्ती इथे आड येऊ शकते.

रशियन मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया यांनी सॉलोमन शेरेशेव्हस्की नावाच्या माणसाचा जवळपास तीस वर्षं अभ्यास केला. लांबच्या लांब याद्या तो वर्षांनंतरही घडाघडा म्हणून दाखवायचा. पण चेहरे ओळखताना त्याची पंचाईत व्हायची. चेहरे सारखे बदलत असतात, ही त्याची तक्रार. आपल्याला एकच माणूस हसताना आणि रागावलेला 'तोच' वाटतो, त्याला प्रत्येक भाव वेगळा दिसायचा. एकदा त्याच्यासमोर १ २ ३ ४, मग २ ३ ४ ५, मग ३ ४ ५ ६ असे आकडे ठेवले. त्याने ते अचूक सांगितले, पण प्रत्येक आकड्याचं चित्र मनात रंगवून. त्या ओळींत एक साधा क्रम आहे हे त्याच्या लक्षातच आलं नाही.

आपल्या मेंदूत ही दोन कामं बऱ्याच अंशी वाटून दिलेली दिसतात. हिप्पोकॅम्पस हा भाग एकेक प्रसंग झटकन आणि वेगवेगळा टिपून ठेवतो. मेंदूचं बाह्यावरण सावकाश, अनेक प्रसंगांतलं सामायिक तेवढं गाळून घेतं. मॅक्लेलंड, मॅकनॉटन आणि ओराय्ली यांनी १९९५ साली ही मांडणी केली. तिच्यामागचं कारण मला पटतं: एकच यंत्रणा दोन्ही करू लागली तर कालचा एक विचित्र प्रसंग दहा वर्षांच्या अनुभवावर बोळा फिरवेल.

'सारखेपणा' मोजता येतो का?

बऱ्यापैकी. १९५६ साली गटमन आणि कॅलिश यांनी कबुतरांना एका विशिष्ट रंगाचा दिवा लागला की बटणावर चोच मारायला शिकवलं. समजा, ५८० नॅनोमीटरचा पिवळा. मग त्यांना आसपासचे इतर रंग दाखवले. शिकवलेल्या रंगाला सर्वांत जास्त चोची, जवळच्या रंगांना थोड्या कमी, लांबच्यांना जवळपास नाहीच. कागदावर काढलं तर मधे शिखर आणि दोन्हीकडे उतार. याला सामान्यीकरणाचा उतार म्हणतात.

यावर हमखास एक शंका निघते: कबुतरांना ते रंग वेगळे ओळखताच येत नसतील तर? पण त्यांना ते येतात. एका रंगाला दाणा आणि शेजारच्या रंगाला काहीच नाही असं शिकवलं की ती चटकन फरक करू लागतात. म्हणजे फरक दिसतो, पण तो महत्त्वाचा आहे असं अजून कुणी शिकवलेलं नसतं.

रॉजर शेपर्ड यांनी १९८७ मध्ये रंग, आवाज, आकार अशा निरनिराळ्या प्रयोगांचे आकडे एकत्र ठेवले आणि दाखवलं की हा उतार सगळीकडे एकाच घाटाचा असतो: मनातलं अंतर वाढत जातं तसा प्रतिसाद आधी झपाट्याने घटतो, मग हळूहळू. इथे अंतर म्हणजे फूटपट्टीचं नव्हे, मनाला जाणवणारं. संगीतात एका सप्तकाचं अंतर असलेले दोन स्वर कंपनसंख्येत दुपटीने वेगळे असतात, कानाला मात्र ते मधल्या स्वरांपेक्षा एकमेकांचे जवळचे वाटतात.

एकाच अनुभवावरून नियम काढणं चूकच ना?

असं सरसकट म्हणता येत नाही. शितावरून भाताची परीक्षा करतात ती अंधश्रद्धा नाही. संस्कृतात याला स्थालीपुलाकन्याय असं भारदस्त नाव आहे. एक शीत पुरतं, कारण भांडं एक, पाणी एक, आच एक. सगळी शितं एकाच परिस्थितीतून गेली आहेत हे आपल्याला आधीच माहीत असतं. बुडाला लागलेलं असेल तर वरचं शीत त्याची खबर देत नाही, हेही तितकंच खरं.

रिचर्ड निस्बेट आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये हे छान पकडलं. कल्पना करा, तुम्ही एका अनोळखी बेटावर आहात. तिथे एक नवा धातू सापडला आणि त्याच्या एका तुकड्यातून वीज वाहिली. बाकीच्या तुकड्यांतून वाहील का? लोक बेधडक हो म्हणाले. तिथल्या एका टोळीतला एक माणूस लठ्ठ दिसला, तर सगळे लठ्ठ असतील का? इथे लोक कचरले, वीस माणसं दाखवली तरी ठामपणे हो म्हणेनात. नमुना तेवढाच होता. बदललं होतं ते एवढंच की धातूचे तुकडे एकमेकांसारखे असतात आणि माणसांची वजनं नसतात, हे आपल्याला ठाऊक असतं.

त्यामुळे 'त्या गटातले सगळे तसलेच' असं कुणी एका माणसावरून बोललं, तर त्याला नमुना लहान आहे हे सांगून फार उपयोग होत नाही, असं माझं निरीक्षण आहे. तो माणसांना एका भांड्यातली शितं समजतोय, चूक तिथे आहे.

एकदा बसलेली भीती भलत्याच गोष्टींवर का पसरते?

दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात. दोन्ही पांढरी, दोन्ही पातळ, दोन्ही भांड्यात. पोळण्याशी ज्याचा संबंध ते तापमान मात्र डोळ्यांना दिसत नाही. म्हणून मन दिसतं त्याला धरतं.

१९२० साली जॉन वॉटसन आणि रोझली रेनर यांनी 'अल्बर्ट' या नावाने प्रसिद्ध झालेल्या, जेमतेम अकरा महिन्यांच्या बाळावर केलेला प्रयोग याचं नेहमीचं उदाहरण. पांढऱ्या उंदराला बाळ हात लावायला गेलं की मागे लोखंडी कांबीवर हातोडा हाणायचा. काही वेळा असं झाल्यावर नुसता उंदीर दिसला तरी बाळ रडू लागलं. पाच दिवसांनी सशालाही, कुत्र्यालाही आणि केसाळ कोटालाही ते बिचकलं. लाकडी ठोकळे दिले तेव्हा मात्र निवांत खेळलं. मला हा ठोकळ्यांचा तपशील सर्वांत बोलका वाटतो: भीती कुठपर्यंत पसरली हे त्यावरून कळतं. बाळाची भीती घालवण्याचे कष्ट संशोधकांनी घेतले नाहीत. आज असा प्रयोग कुठलीही समिती होऊ देणार नाही. आणि एकाच बाळावरून साऱ्या मानवजातीबद्दल बोलणं म्हणजे पुन्हा शितावरूनच परीक्षा!

भीती सढळ हाताने पसरते यामागे साधं गणित आहे. ताक उगाच फुंकलं तर दोन सेकंद वाया जातात. दूध न फुंकता प्यायलं तर जीभ भाजते. दोन चुकांची किंमत सारखी नसेल तेव्हा स्वस्त चूक वारंवार करणं परवडतं. काहींच्या बाबतीत मात्र सामान्यीकरणाचा उतार फारच पसरट होतो. शमुएल लिसेक यांच्या प्रयोगांत ठरावीक आकाराचं वर्तुळ दिसलं की विजेचा सौम्य झटका मिळायचा. पॅनिकचा (अचानक तीव्र भीतीने घेरलं जाण्याचा) विकार असलेल्यांची भीती बऱ्याच वेगळ्या आकाराच्या वर्तुळांपर्यंत पोचली, इतरांची अलीकडेच थांबली.

कशाचाही संबंध कशाशीही जुळतो का?

नाही, मन कोरी पाटी घेऊन येत नाही. १९६६ मध्ये जॉन गार्सिया आणि रॉबर्ट कोलिंग यांनी उंदरांना गोड पाणी दिलं. ते पिताना दिवाही लागायचा आणि खटखट आवाजही व्हायचा. ज्यांना नंतर मळमळ घडवून आणली त्यांनी पुढे गोड चव टाळली, दिव्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. ज्यांना झटका दिला त्यांनी दिवा-आवाज असलेलं पाणी टाळलं, चव चालली. अनुभवात दोन्ही होतं, दोष कुणाला द्यायचा हे उंदराने जन्मतः आणलेल्या झुकावाने ठरवलं.

भीती पटकन पसरते, मग 'आता काही धोका नाही' हे का पसरत नाही?

कारण भीती कमी होते तेव्हा जुनं पुसलं जात नाही. त्याच्या शेजारी नवं लिहिलं जातं, आणि ते नवं जागेला चिकटून राहतं. मार्क बाउटन यांनी हे अनेक प्रयोगांत दाखवलं आहे: उंदरांची एका पिंजऱ्यात नाहीशी झालेली भीती दुसऱ्या पिंजऱ्यात पुन्हा उगवते. म्हणून उपचारातही भीतीचा सामना एकाच खोलीत न करता निरनिराळ्या ठिकाणी करून घेणं शहाणपणाचं.

लहान मुलं 'करलं' का म्हणतात?

कारण त्यांना नियम सापडलेला असतो. बस-बसलं, धर-धरलं, भर-भरलं, मग कर-करलं का नाही? गंमत अशी की तेच मूल काही महिन्यांपूर्वी 'केलं' असं बरोबर म्हणत असू शकतं, कारण तेव्हा ते ऐकलेलं जसंच्या तसं म्हणत होतं. नियम हाती लागला आणि चूक सुरू झाली. कुणी 'करलं' हा शब्द त्याला ऐकवलेला नसतो, म्हणून ही चूक नक्कल नव्हे याची खूणगाठ पटते.

१९५८ मध्ये जीन बर्को यांनी इंग्रजी बोलणाऱ्या मुलांसमोर मुद्दाम बनवलेले, कुठेही अस्तित्वात नसलेले शब्द ठेवले. मुलांनी त्यांतल्या बऱ्याच शब्दांची अनेकवचनं अचूक केली. मराठीत घरच्या घरी करून पाहता येतं. चित्रात एक विचित्र प्राणी दाखवून म्हणा, 'हा टिंपा. आता दोन आहेत, हे दोन...?' उत्तर 'टिंपे' असं येईल. मग 'ही टिंपी' म्हणा, 'टिंप्या' मिळतील. व्याकरणाचं नावही न ऐकलेल्या डोक्यात लिंगानुसार दोन नियम तयार असतात.

एका ठिकाणी शिकलेलं दुसरीकडे ऐनवेळी का सुचत नाही?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो, आणि उत्तर थोडं निराश करणारं आहे.

कार्ल डंकर यांचं एक कोडं आहे. पोटात गाठ आहे, शस्त्रक्रिया करता येत नाही. तीव्र किरण सोडले तर गाठ मरेल, पण वाटेतला निरोगी भागही जळेल. सौम्य किरणांनी गाठीला काही होत नाही. काय कराल? मेरी गिक आणि कीथ होलिओक यांनी १९८० मध्ये काही लोकांना आधी वेगळीच गोष्ट वाचायला दिली: किल्ल्याकडे जाणाऱ्या वाटांवर सुरुंग पेरलेत, मोठं सैन्य गेलं की उडतात. मग सेनापती सैन्याच्या तुकड्या पाडतो, प्रत्येक तुकडी वेगळ्या वाटेने जाते आणि सगळ्या एकाच वेळी किल्ल्यावर पोचतात.

आता किरणांचं उत्तर डोळ्यांसमोर आहे: सौम्य किरण अनेक बाजूंनी एकाच वेळी गाठीवर सोडा. गोष्ट न वाचलेल्यांपैकी साधारण १० टक्क्यांना ते सुचलं. गोष्ट नुकतीच वाचलेल्यांपैकी? साधारण ३० टक्क्यांना. 'मघाची गोष्ट उपयोगी पडेल' एवढंच सांगितल्यावर आकडा ७५ टक्क्यांच्या आसपास गेला. ज्ञान डोक्यात होतं, पण ते 'किल्ला, सैन्य' या खणात पडलं होतं आणि प्रश्न 'डॉक्टर, गाठ' या खणातून आला होता.

सरावलेल्यांचे खण वेगळे असतात. मिशेलीन ची आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये भौतिकशास्त्राच्या गणितांचे गट पाडायला सांगितले, तेव्हा नवशिक्यांनी 'उताराची गणितं', 'स्प्रिंगची गणितं' असे ढीग केले. जाणकारांनी उतार आणि स्प्रिंग एकाच ढिगात टाकले, कारण दोन्ही ऊर्जेच्या अक्षय्यतेने सुटत होते.

अनुभव आड कधी येतो?

जेव्हा तो सलग यशस्वी होतो तेव्हा. अब्राहम लुचिन्स यांचा १९४२ चा प्रयोग स्वतःवरच करून पाहा. तीन भांडी, अ, ब आणि क. खुणा नाहीत, ओतून ठरावीक माप मिळवायचं.

अ २१, ब १२७, क ३. हवेत १००. ब भरा, त्यातून एकदा अ काढा, दोनदा क काढा. १२७ वजा २१ वजा ३ वजा ३. जमलं.

अशी पाच-सहा गणितं ओळीने याच युक्तीने सुटतात. मग येतं: अ २३, ब ४९, क ३, हवेत २०. बहुतेक लोक ४९ वजा २३ वजा ३ वजा ३ करतात. उत्तर बरोबरच येतं! पण २३ मधून ३ काढले तरी भागतं, आणि थेट हेच गणित दिलेले लोक तसंच करतात. पुढचं गणित जास्त वाईट आहे: अ २८, ब ७६, क ३, हवेत २५. इथे जुनी युक्ती चालतच नाही, आणि सरावलेले कितीतरी लोक 'सुटत नाही' म्हणून सोडून देतात. उत्तर मी इथे लिहीत नाही.

माझा स्वतःचा नमुना असा: दहाएक वर्षं क्लचची गाडी चालवल्यावर पहिल्यांदा ऑटोमॅटिक हाती आली. वेग कमी करताना डाव्या पायाने सवयीने क्लच दाबला. तिथे क्लच नव्हताच, ब्रेकचं रुंद पेडल होतं. गाडी जागच्या जागी थिजली, मागच्याच्या हॉर्नसकट. डोक्याला गाडी वेगळी आहे हे पूर्ण माहीत होतं, पायापर्यंत ती बातमी पोचली नव्हती. पुढचे दोन दिवस डावा पाय सीटखाली दुमडून ठेवला.

बुद्धीला चालना देणारे ॲप घेतले तर सगळीकडेच फायदा होतो का?

त्या खेळात होतो. एड्रियन ओवेन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ११,४३० लोकांना सहा आठवडे असे खेळ खेळायला लावले. लोक खेळांत सुधारले, न खेळलेल्या चाचण्यांत, अगदी जवळच्या कौशल्यांच्या चाचण्यांतही, खास फरक पडला नाही. मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइक आणि वुडवर्थ १९०१ मध्येच म्हणाले होते की दोन कामांत जेवढं सामायिक तेवढंच शिकलेलं एकातून दुसऱ्यात उतरतं. मजा येत असेल तर खेळा.

मग सराव कसा केला तर तो नव्या ठिकाणी उपयोगी पडतो?

बदलता ठेवून. केर आणि बूथ यांनी १९७८ मध्ये आठ वर्षांच्या मुलांना दाण्यांची छोटी पिशवी निशाणावर टाकायला शिकवली. एका गटाने कायम तीन फुटांवरून सराव केला. दुसऱ्याने दोन आणि चार फुटांवरून, तीन फुटांवरून एकदाही नाही. परीक्षा तीन फुटांवरून झाली, आणि दुसरा गट सरस ठरला. पहिल्यांना एक फेक आली होती. दुसऱ्यांना अंतर वाढलं की जोर किती वाढवायचा, ते आलं होतं.

यात एक फसगत आहे. बदलत्या सरावात रोजची प्रगती कमी दिसते, चुका जास्त होतात, शिकवणाऱ्यालाही चैन पडत नाही. गुळगुळीत सराव चालू असतो तेव्हा सगळे खूश असतात.

दुसरा उपाय तुलनेचा. गिक आणि होलिओक यांनीच पुढे दाखवलं की एका गोष्टीऐवजी दोन वेगळ्या गोष्टी दिल्या आणि त्यांच्यातलं साम्य लिहायला सांगितलं, तर नवं कोडं सुटण्याचं प्रमाण बरंच वाढतं. दोन उदाहरणं शेजारी ठेवली की वरचा पोशाख गळून पडतो.

आजवर झालं म्हणून उद्याही होईल, याला तर्काचा आधार आहे का?

डेव्हिड ह्यूम यांनी अठराव्या शतकात म्हटलं की नाही. निसर्ग एकसारखा वागतो हे अनुभवावरून सिद्ध करायला गेलो तर जे सिद्ध करायचं तेच गृहीत धरावं लागतं. बर्ट्रांड रसेल यांनी १९१२ मध्ये कोंबडीचं उदाहरण दिलं: रोज दाणे टाकणारा हात एक दिवस मान मुरगळतो.

आपल्याकडच्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कपंडितांनी, हा प्रश्न निराळ्या अंगाने चघळला आहे आणि तो मला रोजच्या वापराला जास्त सोयीचा वाटतो. जिथे धूर तिथे अग्नी, ही व्याप्ती (एक असेल तिथे दुसरं असणारच, हा नियम) टिकते. जिथे अग्नी तिथे धूर, ही टिकत नाही, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे पण धूर नाही. धूर ओल्या सरपणामुळे येतो. या लपलेल्या अटीला ते 'उपाधी' म्हणत. जुना नियम नव्या जागी फसला की पहिला प्रश्न हाच विचारावा: आधीच्या सगळ्या वेळी सरपण ओलं होतं का? फक्त प्रत्यक्ष दिसतं तेवढंच मानणाऱ्या चार्वाकांचा यावरही आक्षेप होताच, की सगळ्या उपाधी तपासून झाल्या हे कळणार कसं. त्यावर शेकडो वर्षं वाद चालला.

संगणक हेच करतात का?

करतात, पण त्यांचा 'सारखेपणा' आपल्यासारखाच असेल याची हमी नसते. २०१९ मध्ये रॉबर्ट गायरहोस आणि सहकाऱ्यांनी मांजराच्या आकृतीवर हत्तीच्या कातडीचा पोत चढवलेलं चित्र दाखवलं. माणसं म्हणाली मांजर. फोटोंवर शिकवलेली यंत्रं म्हणाली हत्ती. नेहमीच्या फोटोंत दोघांची उत्तरं जुळत होती, त्यामुळे यंत्र आकाराऐवजी पोताकडे बघतंय हे तोवर ध्यानात आलं नव्हतं.

वरच्या भांड्यांचं उत्तर राहिलं की!

२८ मधून ३. ब भांड्याला हातही लावायचा नाही. लुचिन्स यांनी काही जणांना या टप्प्याआधी कागदावर 'आंधळेपणा करू नकोस' असं स्वतःच्या हाताने लिहायला लावलं होतं. काहींना उपयोग झाला, बरेच जण ते लिहूनही ७६ पासूनच सुरुवात करत राहिले.